जीफोर्स एमएक्स १५०

एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीने मे २०१७ मध्ये आणलेले, पातळ आणि हलक्या लॅपटॉपसाठीचे प्राथमिक दर्जाचे ग्राफिक्स कार्ड. डेस्कटॉपवरच्या जीटी १०३० चे हे लॅपटॉपमधले भावंड. त्याची चिप मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते, त्यामुळे ते नंतर काढून दुसरे घालता येत नाही की त्याची मेमरी वाढवता येत नाही. विकत घेतानाच नीट पाहून घ्यावे लागते, आणि नेमके तिथेच या कार्डाने ग्राहकाची अडचण केली.

रचना : पास्कल पिढीची जीपी१०८ ही चिप सॅमसंगच्या १४ नॅनोमीटर तंत्राने बनते. तिच्यात ३८४ कूडा कोअर आहेत. मेमरी जीडीडीआर५ जातीची, बहुतेक लॅपटॉपमध्ये २ जीबी, काहींत ४ जीबी. चिप आणि मेमरी यांच्यामधला मार्ग फक्त ६४ बिटचा आहे. या कार्डाची खरी मर्यादा तीच. प्रोसेसरमध्येच असलेले इंटेलचे यूएचडी ६२० हे ग्राफिक्स मात्र लॅपटॉपची रॅम वाटून घेते. त्याच्यापेक्षा एमएक्स १५० दोन-तीन पटींनी वेगवान ठरते. दोन्ही एकाच लॅपटॉपमध्ये नांदतात. साधे काम इंटेलवर चालते, भार वाढला की एन्व्हिडियाची चिप जागी होते आणि तयार झालेले चित्र सहसा इंटेलमार्फतच पडद्यावर येते. २०१० मध्ये आलेल्या ऑप्टिमस या व्यवस्थेमुळे बॅटरी बरीच वाचते.

एका नावाची दोन कार्डे : एमएक्स १५० म्हणून विकले गेलेले कार्ड एकच नव्हते. एक २५ वॅटचे, दुसरे १० वॅटचे. पहिल्याचा क्लॉक १४६८ मेगाहर्ट्झपासून १५३१ पर्यंत जातो, दुसऱ्याचा ९३७ पासून १०३७ पर्यंतच. कोअर तेवढेच, वेग मात्र एक तृतीयांशाने कमी. मेमरीचा वेगही सेकंदाला ४८ जीबीवरून ४० वर उतरतो. शाओमीच्या मी नोटबुक प्रोमध्ये पहिला प्रकार होता, आसुसच्या झेनबुक १३ मध्ये दुसरा. पातळ लॅपटॉपला कमी वॅटची चिप लागते, यात गैर काही नाही. गैर हे की खोक्यावर, स्टिकरवर आणि जाहिरातीत दोन्हींचे नाव एकच राहिले. २०१८ च्या सुरुवातीला चाचण्या करणाऱ्यांनी हा फरक उघड केला, तोवर असंख्य लॅपटॉप विकले गेले होते. पुण्यात जाऊन शोरूममध्ये स्टिकर वाचून लॅपटॉप घेणाऱ्या गावाकडच्या विद्यार्थ्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता. आज जुना लॅपटॉप घेताना जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून पाहावा : ओळख क्रमांकात १डी१० दिसले तर २५ वॅटचे, १डी१२ दिसले तर १० वॅटचे. एमएक्स २५० मध्येही हाच प्रकार चालू राहिला. तिथे १डी१३ हे जलद आणि १डी५२ हे मंद.

उपयोग : पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडले की डाळज लागते. एका बाजूला उजनी धरणाचा फुगवटा, जवळच कुंभारगाव. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर इथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेवाले येतात. सकाळी होडीतून काढलेल्या शेकडो रॉ फाइल दुपारी लॅपटॉपवर निवडायच्या असतात. अशा कामात एमएक्स १५० चे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या प्रोग्रामने ऑगस्ट २०१९ च्या ८.४ आवृत्तीपासून प्रत्यक्ष फोटो सुधारण्याचे कामही ग्राफिक्स कार्डावर टाकले. उजेड, रंग यांचे स्लायडर या कार्डावर सुरळीत सरकतात. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटोतले दाणे काढणाऱ्या सोयीसाठी मात्र अडोबी ८ जीबी मेमरीचे कार्ड सुचवते. २ जीबीवर एकेका फोटोला मिनिटेच्या मिनिटे लागतात, म्हणून ती निवडक फोटोंपुरतीच वापरावी.

लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणारा एन्व्हिडियाचा एनव्हीएन्क हा भाग या चिपमध्ये नाही. इफेक्ट आणि रंगकाम कार्डावर होते, पण फाइल बाहेर काढताना इंटेलचे क्विक सिंकच मदतीला येते. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ते निवडलेले आहे का, हे पाहावे. फ्लेक्स, पत्रिका किंवा मराठी डीटीपी यांसाठी वेगळ्या कार्डाची फारशी गरज नाही. तो पैसा रॅम आणि एसएसडीवर घालणे शहाणपणाचे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या कार्डाचा मोठा गुण म्हणजे कूडा, एन्व्हिडियाच्या चिपवर समांतर गणन करण्याची व्यवस्था. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाला समांतर गणनाचे प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर लिहून चालवता येतात. पुण्यात सी-डॅकने २०२० मध्ये उभारलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक एन्व्हिडियाच्याच ए१०० चिपांवर चालतो. ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर, तरी प्रोग्राम लिहिण्याची रीत तीच. स्वस्त यंत्रावर खरे काम शिकता येणे याचे मोल मला खेळांच्या फ्रेमसंख्येपेक्षा कितीतरी जास्त वाटते.

खेळांविषयी थोडक्यात : जीटीए ५ किंवा व्हॅलोरंट कमी ते मध्यम सेटिंगवर २५ वॅटच्या कार्डावर चांगले चालतात. २०२० नंतरच्या मोठ्या खेळांना २ जीबी मेमरी पुरत नाही.

उष्णता : अशा लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता बहुधा एकाच पंख्याने बाहेर टाकली जाते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की पंख्यातून आत जाणारी हवाच तापलेली असते. मग चिप स्वतःला जपण्यासाठी क्लॉक उतरवते आणि २५ वॅटचे कार्डही मंदावते. पंख्यातली धूळ काढणे, चार-पाच वर्षे जुन्या लॅपटॉपमधली थर्मल पेस्ट बदलणे आणि गादीवर ठेवून काम न करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

उत्तरकाल : एमएक्स २५० (२०१९) म्हणजे जवळपास तीच चिप. एमएक्स ३५० (२०२०) मध्ये ६४० कोअर आले; भारतात ते शाओमीच्या मी नोटबुक १४ होरायझनमधून बऱ्याच जणांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी एमएक्स ४५० निघाले आणि इंटेलचे आयरिस एक्सईही. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स एमएक्सच्या तोडीला आले आणि २०२२ च्या एएमडी रेडिऑन ६८०एमने एमएक्सला मागे टाकले. एमएक्स ५७० नंतर ही मालिका पुढे गेली नाही. आरटीएक्स २०५० सारखी कार्डे तिच्या जागी आली.

पास्कल पिढीसाठी एन्व्हिडियाचे खेळांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच निघाले. सुरक्षेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. कूडा १३ या आवृत्तीतून पास्कल वगळले आहे, म्हणून शिकण्यासाठी कूडा १२ च वापरावे लागते. जुना लॅपटॉप २५ वॅटचा, ४ जीबी मेमरीचा आणि वाजवी भावाचा मिळाला तर वर सांगितलेल्या कामांसाठी घेण्याजोगा आहे. १० वॅटचा असेल, तर त्याच पैशांत मिळणारे नंतरचे एएमडी रायझन प्रोसेसरचे किंवा इंटेल आयरिस एक्सईचे यंत्र घ्यावे.