कांदिवलीचा दगड, समुद्राचा गाळ आणि तलावाची गाळणी



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण आलात आणि पत्रिकेवर विषय वाचलात तो पोहण्याच्या तलावाची झाडलोट करणाऱ्या यंत्रमानवाचा. कित्येकांना हसू आले असेल. वक्त्याला विषय मिळेनासा झाला की काय, अशी शंकाही कोणाला आली असेल. पण हा विषय मी शोधलेला नाही. तो माझ्या दारी चालत आला. आमच्या गृहसंकुलाच्या आवारात एक लहानसा तलाव आहे. लांबी दहा मीटर, रुंदी पाच मीटर, सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर पाणी. तो साफ करण्यासाठी काही वर्षांपूर्वी कमिटीने एक यंत्रमानव घेतला. किंमत बरीच मोजली. यंत्र पाण्यात उतरे, तळावरून कासवासारखे फिरे, भिंतीवर चढे, मुले टाळ्या पिटत. सकाळी तळ लख्ख दिसे. दुपारी त्याच तळावर पुन्हा करड्या धुळीची साय धरलेली असे. तलावावर काम करणाऱ्या आमच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात निदान केले होते, "साहेब, हे पाला खातं आणि धूळ ओकतं." त्याचे कोणी ऐकले नाही. यंत्र आज पंपाच्या खोलीत पडून आहे, आणि नवे कोणते घ्यावे हे ठरविण्याच्या उपसमितीवर, मी इतिहासाचा माणूस असूनही, किंवा रिकामा माणूस म्हणून म्हणा, माझी नेमणूक झाली.

तेव्हा मला आठवण झाली ती आपल्याच कांदिवलीच्या दगडाची.

स्टेशनच्या पूर्वेला ज्या टेकड्या होत्या, त्यांचे पुष्कळसे अंग आज जागेवर नाही. या भागाची पुरातनता लहान नव्हे. लेफ्टनंट कमांडर टॉड या नौदलातील अधिकाऱ्याला येथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आणि 1939 साली त्याने त्यांवर निबंधही प्रसिद्ध केला. पण ते विषयांतर होईल. आपल्याला हवा आहे तो दगड 1920 नंतरच्या दशकातला. त्या वेळी मुंबई सरकारने बॅक बे हटवून जमीन करण्याची प्रचंड योजना हाती घेतली होती. कुलाब्यापासून मलबार हिलच्या बाजूपर्यंत समुद्र मागे सारायचा आणि 1145 एकर नवी भूमी निर्माण करायची! सर जॉर्ज लॉइड हे 1918 ते 1923 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. योजना त्यांच्या उत्साहाची. समुद्रात भिंत घालायची, आणि भिंतीच्या आत बंदरातला गाळ नळांतून आणून ओतायचा, असा बेत होता. भिंतीचा दगड कांदिवलीच्या खाणीतून आगगाडीने जाऊ लागला. गाळ शोषून घेण्यासाठी विलायतेहून एक अवाढव्य ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारे जहाज, आणले गेले. त्याचे नावही सर जॉर्ज लॉइड असेच ठेवले होते.

आता या व्यवस्थेकडे क्षणभर नीट पाहा. तळाचा गाळ पाण्यासकट शोषायचा, तो एका कोंडलेल्या जागी सोडायचा, पाणी निथळू द्यायचे आणि गाळ मागे ठेवायचा. आमच्या तलावातला यंत्रमानव याहून वेगळे काय करतो? त्याच्या पोटात एक पंप असतो, तो तळाचे पाणी वर ओढतो. पोटातच एक गाळणी असते, ती कचरा ठेवून घेते. पाणी वरच्या तोंडाने बाहेर पडते. बॅक बेचा ड्रेजर आणि हे कासव एकाच कुळातले आहेत. फरक आकाराचा आहे.

आणि घात झाला तोही एकाच जागी. ड्रेजरने तासाला जेवढा गाळ द्यावा असा हिशोब कागदावर मांडला होता, त्याहून फार कमी गाळ प्रत्यक्षात मिळू लागला. एवढ्यावर भागते तर काम लांबले असते, इतकेच. पण जो गाळ येत होता तोही जागेवर राहीना. कांदिवलीच्या दगडांची ती भिंत दगडावर दगड रचलेली; मधल्या फटींतून बारीक गाळ पाण्याबरोबर परत समुद्राला मिळू लागला. दगडात दोष नव्हता. आपला काळा पाषाण तो, त्याला कोण नावे ठेवील? दोष हा होता की, भिंतीच्या फटी केवढ्या आणि गाळाचा कण केवढा, ही तुलना वेळेवर झाली नाही. गाळणीचे भोक कणाहून मोठे असले, तर पंप कितीही बलवान असो, तो एका हाताने उचलतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

पुढचा इतिहास आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी घरी ऐकला असेल. वीर नरिमन यांनी या उधळपट्टीवर कोरडे ओढले. 1926 साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. योजनेतील हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तीत 1928 मध्ये नरिमन निर्दोष सुटले. आठ खंडांपैकी चारच पुरे झाले. 1145 एकरांच्या जागी सुमारे 440 एकर जमीन हाती आली. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी वारा खाताना आपण त्याच अपुऱ्या राहिलेल्या योजनेवर बसलेले असतो. लोकांनी तिला लॉइडचा मूर्खपणा म्हटले. मला हे थोडे अन्यायाचे वाटते. एका माणसाचा मूर्खपणा काढता येतो. पण यंत्राचा आकडा वाचून सगळ्या कचेरीने माना डोलवाव्यात, हा रोग एका माणसाचा नसतो.

आता तलाव साफ करण्याची कला माणसाने कशी वाढविली ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तलावाचा गाळ उन्हाळ्यात, पाणी उतरले म्हणजे, माणसे काढीत आणि तो शेतात टाकीत. घरगुती तरणतलावाचा प्रश्न निराळा. तेथे पाणी उतरू द्यायचेच नसते. आरंभी लांब काठीचा ब्रश आणि झोळीची जाळी हीच साधने होती, आजही आहेत. पुढे दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए या बेल्जियन अभियंत्याने 1974 मध्ये तलावाच्या स्वतःच्या पंपाच्या ओढीवर चालणारे, तळावर सरपटणारे यंत्र सिद्ध केले. ते स्वस्त आणि साधे. पण सगळा कचरा मुख्य गाळणीकडे पाठविणारे. ती तुंबली की उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, आणि त्या धुण्यात पुष्कळ पाणी गटारात जाते. विजेवर स्वतंत्रपणे चालणारी यंत्रे त्यानंतर घरोघर पोचली. इस्राएलमधील यिझ्रेल या किबुत्झमध्ये 1983 साली निघालेला मेट्रॉनिक्सचा कारखाना त्या धंद्यातला एक मोठा. अशा यंत्राचा मला दिसणारा मोठा गुण हा की, कचरा त्याच्या स्वतःच्या टोपलीत राहतो. विहार, तुळशी, तानसा येथून आलेले पाणी ज्या शहरात दर उन्हाळ्यात मोजून वाटावे लागते, तेथे हा गुण लहान समजू नये. मात्र तलावाची मुख्य गाळणी आणि क्लोरीन यांचे काम यंत्रमानव करीत नाही. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म हिरवळ त्याला जुमानत नाही. तळाशी बसलेले तेवढे त्याचे.

यंत्र मोठे आणि नवे म्हणून ते योग्य, ही समजूत किती महाग पडते याचे उदाहरण बाणगंगेने अलीकडेच दिले. शिलाहारांच्या काळाशी परंपरेने जोडलेला, संरक्षित वारसा असलेला हा तलाव. जून 2024 मध्ये त्याचा गाळ काढण्याच्या कामात ठेकेदाराने उत्खनन यंत्र थेट दगडी पायऱ्यांवरून खाली उतरविले आणि पायऱ्या भंगल्या. महापालिकेला ठेकेदाराविरुद्ध पोलिसात जावे लागले. गाळ काढणे आवश्यक होते, यंत्रही आपल्या जागी चांगले असेल. पण पायरीला कोणी विचारले नाही की, हे ओझे तुला पेलेल का?

तेव्हा आमच्या उपसमितीने यंत्राकडे पाठ फिरवून आधी तळाकडे पाहिले. आमच्या त्या कामगाराने काचेच्या बरणीत तळाचे पाणी भरून रात्रभर ठेवले. सकाळी बरणीने कांदिवलीचा नकाशाच दाखविला! वर पाने आणि फुलांचे देठ, कारण पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. खाली जाड वाळू. आणि वाळूच्या थरावर, बोटाला न जाणवणारी, पिठासारखी करडी धूळ. चहूकडे चाललेल्या बांधकामांची ती देणगी. माणसाचा केस साधारणतः सत्तर मायक्रॉन जाडीचा धरतात. आमच्या जुन्या यंत्राची जाळी त्याच्या दुपटीहून अधिक भोकाची निघाली. पाने अडकत, वाळू अडकत असे. पीठ मात्र आत जाऊन वरच्या तोंडाने बाहेर पडे. हाच तो बॅक बेचा गाळ, हीच ती भिंतीची फट.

दुसरी गोष्ट लादीची. आमचा तळ गुळगुळीत चिनीमातीच्या लाद्यांचा. त्यावर कडक प्लास्टिकचे ब्रश घसरतात आणि यंत्र उतारावर फिरते तेथेच फिरते. अशा लादीला स्पंजासारखी मऊ लाट असलेले ब्रश लागतात. खडबडीत सिमेंटच्या तळाला नेमके उलटे. मग वायरीची लांबी: विद्युत्पेटीपासून दूरच्या कोपऱ्यापर्यंत ती पोचली पाहिजे. ती पेटी घरातील 230 व्होल्टची वीज उतरवून साधारण 24 ते 30 व्होल्ट करते. ती काठापासून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर, पावसापासून आडोशाला ठेवायची, आणि यंत्र पाण्यात असताना माणूस पाण्यात नको. बिनवायरीची यंत्रेही निघाली आहेत. पण बॅटरी म्हातारी झाली म्हणजे ती येथे कोण बदलून देणार, हे आधी विचारावे. आणखी एक प्रश्न कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो: पाण्याने भरलेले ते धूड रोज बाहेर काढणार कोण? आमच्याकडे ते काढणाऱ्याचे वय पंचावन्न आहे.

आम्ही तीन विक्रेत्यांना कळविले की, पत्रक नको, यंत्र घेऊन या आणि आमच्या तळावर चालवून दाखवा. एकाने येण्याचे नाकारले. दोघे आले. पहिल्याचे यंत्र फार देखणे, भ्रमणध्वनीवरून चालणारे; बारीक गाळणी मात्र वेगळी मागवावी लागेल असे तो म्हणाला. दुसऱ्याच्या यंत्रात जाड आणि बारीक अशा दोन गाळण्या एकीत एक होत्या. पावसाळ्यात पाल्यासाठी जाड पुरे, दिवाळीनंतर धुळीसाठी बारीक घालायची. ती लवकर भरते म्हणून दर फेरीनंतर धुवावी लागते. दोन्ही यंत्रे चालून गेल्यावर आमच्या माणसाने दोन्ही वेळच्या पाण्याच्या बरण्या भरल्या आणि रात्रभर खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीचे सातही सभासद चहाचे पेले हातात घेऊन त्या खिडकीशी उभे होते. दुसऱ्या बरणीचा तळ जवळजवळ स्वच्छ होता. सेक्रेटरींनी विचारले, "मग कोणते घ्यायचे?" आणि या वेळी प्रश्न त्यांनी माझ्याकडे नव्हे, त्या कामगाराकडे पाहून विचारला होता.