अक्कलदाढ काढल्यावर ‘डिटॉक्स’ करावे का? लवंग, हळद आणि तेलाच्या गुळण्यांचे खरे काय?

अक्कलदाढ काढून घरी आले की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी लवंगेचे तेल सुचवते, कुणी हळद, तर एखाद्या रीलमध्ये ‘भुलीचे विष बाहेर काढण्यासाठी’ तीन दिवस फक्त ज्यूस प्यायला सांगितलेले असते. यातले काही उपाय उपयोगाचे आहेत, पण ते कोणत्या दिवशी करायचे यावर सगळे अवलंबून आहे.

दाढ निघालेल्या खाचेत रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे जखमेचे झाकण. ती निसटली तर खालचे हाड उघडे पडते. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. मग दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते आणि नेहमीच्या गोळीने ती थांबत नाही. म्हणून पहिले 24 तास खळखळून चूळ भरू नये, जोरात थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री तर पुढचे काही दिवस बंदच. (मिश्रीने दात ‘बळकट’ होतात, असे म्हणून ती लगेच लावणारे आजही भेटतात.)

24 तासांनंतर मात्र कोमट मिठाच्या पाण्याची हलकी चूळ उत्तम. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे, दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः जेवणानंतर.

लवंगेतल्या युजेनॉलने दात बधिर होतो हे खरे आहे. ड्राय सॉकेटवर दंतवैद्य भरतात त्या औषधातही ते अनेकदा असते. पण शुद्ध तेलाचा बोळा थेट ताज्या जखमेत ठेवला तर मांस पोळते. हळद दुधातून घ्यायला हरकत नाही, जखमेत पूड दाबू नये. तेलाच्या गुळण्या, म्हणजे आयुर्वेदातले कवल-गंडूष, ही तोंडाच्या रोजच्या निगेची पद्धत आहे. ताज्या जखमेवर दहा-दहा मिनिटे तेल घोळवले तर गुठळीच निघायची.

आता ‘डिटॉक्स’. दाताच्या भुलीसाठी बहुधा लिडोकेन वापरतात. त्याचे रक्तातले प्रमाण साधारण दीड-दोन तासांत निम्मे होते. हे काम यकृत करते, त्याला काकडीच्या रसाची मदत लागत नाही. उलट ज्यूसवर राहिल्याने जखम भरायला लागणारी प्रथिने मिळत नाहीत आणि रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन घेतले तर पित्त उसळते. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, दही, कोमट आंबील हे जास्त कामाचे.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते, आणि दाताच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबरोबर मद्य टाळायची सूचना असते. त्यामुळे असे काही चालू असेल तर दंतवैद्यांना आधीच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगावे, मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

गॉज अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दंतवैद्यांना फोन करावा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालय गाठावे.