केंद्रित श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा, कंपविकारांवरील

मानवी कानास ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) ध्वनितरंग मेंदूतील एका बिंदूवर एकवटून तेथील विवक्षित ऊतक उष्णतेने नष्ट करण्याची, कवटी न उघडता योजावयाची पद्धती. कंपवात (पार्किन्सन रोग) आणि ‘इसेन्शियल ट्रेमर’ (हात कामास लावताच उमटणारा, पुष्कळदा आनुवंशिक असणारा कंप) या विकारांत ती मुख्यतः वापरतात.

कल्पना जुनी आहे. लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथे प्राण्यांवर तिचे प्रयोग केले. विल्यम व फ्रान्सिस फ्राय हे बंधू आणि शस्त्रक्रियाविशारद रसेल मायर्स यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत कंपवाताच्या रुग्णांवरही तिचा उपयोग केला. परंतु त्यासाठी कवटीचा तुकडा काढावाच लागे. हाड ध्वनी शोषून तापते आणि त्याच्या कमीअधिक जाडीमुळे तरंगांचा मेळ बिघडून केंद्रबिंदू विस्कटतो, ही खरी अडचण होती. पुढे लेव्होडोपा हे गुणकारी औषध आल्यावर मेंदूवरील अशा शस्त्रक्रियाच मागे पडल्या.

ही अडचण बॉस्टन येथे हिनिनेन व योलेस यांच्या संशोधनाने दूर होऊ लागली. शिरस्त्राणासारख्या अर्धगोलात १,०२४ ध्वनिउत्पादक बसवितात. संगणकीय क्ष-किरण चित्रणावरून रुग्णाच्या कवटीची जाडी मोजून प्रत्येकाच्या तरंगाची कला (तरंगाची क्षणिक अवस्था) स्वतंत्रपणे जुळवितात, त्यामुळे सर्व तरंग एकाच ठिकाणी मिळतात. डोक्याभोवती थंड पाणी खेळते ठेवतात. रुग्ण शुद्धीवर असतो. प्रथम सौम्य उष्णता देऊन कंप खरोखर कमी होतो काय हे पाहतात. मग थॅलॅमसमधील लक्ष्यबिंदूचे तापमान ५५° ते ६०° से.पर्यंत नेतात. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने हे तापमान सतत मोजले जाते.

एलायस व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील ७६ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी हाताचा कंप ४७ टक्क्यांनी उतरला. लटक्या उपचाराच्या गटात तो जवळजवळ तसाच राहिला. मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्णांची चाल बिघडली व त्याहून काहीशा अधिकांस बधिरता वा मुंग्या जाणवल्या. वर्षअखेर ही प्रमाणे अनुक्रमे ९ व १४ टक्के उरली. त्याच वर्षी अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली.

ग्रनोबल येथे १९८७ पासून बेनाबिद यांनी रूढ केलेले विद्युत् उद्दीपन मेंदूत तारा बसवून केले जाते. ते कमीजास्त करता येते व थांबविताही येते. ध्वनीने झालेला नाश मात्र कायमचा असतो. उलट उद्दीपकाच्या जुळणीसाठी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णास मोठ्या शहरी वारंवार जावे लागते. ध्वनिचिकित्सेत तशा खेपा नाहीत आणि शरीरात यंत्रही राहत नाही.  कंपवाताची वाढ यांपैकी कोणत्याही उपचाराने थांबत नाही. प्रारंभी एकाच बाजूवर उपचार होत. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काही कालावधीनंतर दुसऱ्या बाजूवरील उपचारास अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ज्यांच्या कवटीतून ध्वनी पुरेसा पार होत नाही, असे काही रुग्ण आजही अपात्र ठरतात.