धूळपाटीपासून काचपाटीपर्यंत

इ. स. १७८९ मध्ये मद्रास शहरातील एका अनाथाश्रमाच्या शाळेवर डॉ. अँड्र्यू बेल नावाचे अँग्लिकन पाळक अधीक्षक म्हणून काम पाहू लागले. मूळचे स्कॉटलंडचे हे गृहस्थ एके सकाळी घोड्यावरून रपेट करीत असता वाटेत त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसली होती आणि वाळू पसरून तिच्यावर बोटांनी अक्षरे गिरवीत होती. कागद नाही, शाई नाही, टाक नाही. चुकले की तळहात फिरवावा आणि पुन्हा आरंभ करावा. आपल्याकडे जिला धूळपाटी म्हणत, तिचीच ही बहीण. बेल यांनी आपल्या शाळेत ही रीत सुरू करण्यास सांगितले, तेव्हा तेथील शिक्षकाने ते अशक्य असल्याचे सांगून अंग काढून घेतले. मग त्यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे तो वर्ग सोपविला आणि त्या चिमुरड्याने आपल्याहून लहान मुलांना अक्षरे शिकवून दाखविली.

बेल मायदेशी परतले आणि १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे आणि एका शिक्षकाने सर्वांवर देखरेख ठेवावी, ही 'मद्रास पद्धती' त्यामुळे इंग्लंडभर गाजली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनमध्ये तशीच शाळा चालविली होती. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हे ऐकून दानशूर मंडळी हरखून गेली. तथापि पाठांतर झाले तरी समज वाढत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. १८४६ मध्ये इंग्लंडच्या सरकारने होतकरू शिक्षकांना विद्यावेतन देऊन तयार करण्याची योजना हाती घेतली आणि त्या जुन्या पद्धतीचा अस्त होत गेला. वाळू स्वस्त होती, पाटी स्वस्त होती. परंतु शिक्षक स्वस्तात मिळत नाही, हा धडा शिकण्यास त्या देशाला जवळजवळ अर्धशतक लागले.

आज वर्गावर्गांत संगणक, मोबाईल आणि भिंतीवरचे स्पर्शफलक येत असताना ही जुनी कथा आम्ही मुद्दाम सांगत आहोत. शिक्षणाच्या इतिहासात नवे साधन बहुधा दोन आश्वासने घेऊन येते. मुलांना शिकणे सोपे होईल, हे पहिले. शिक्षकावाचून निभावेल, हे दुसरे. पहिले आश्वासन पुष्कळदा खरे ठरले आहे. दुसरे खरे ठरल्याचे उदाहरण आम्हांस अद्याप आढळलेले नाही.

विसाव्या शतकात हीच आश्वासने यंत्रांच्या तोंडून ऐकू येऊ लागली. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी, लवकरच शाळांतील पुस्तके कालबाह्य होतील आणि सारे ज्ञान चलच्चित्रांतून देता येईल, असे भाकीत केले होते. पुस्तके आजही मुलांच्या दप्तरांत आहेत. आपल्या देशात दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ १९६१ मध्ये सुरू झाले. प्रयोगशाळा अपुऱ्या, विज्ञानाचे शिक्षक अपुरे, म्हणून उत्तम शिक्षकाचा एक पाठ पडद्यावरून अनेक वर्गांना दाखवावा, हा त्यामागील विचार होता. विचार वावगा नव्हता. पडद्यावरील शिक्षकाला मात्र शेवटच्या बाकावरील गोंधळलेला चेहरा दिसत नाही. तो पाहणारे कोणीतरी वर्गात असावेच लागते.

हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर कसाला लागले ते १९७५ मध्ये. डॉ. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला होता. साराभाई १९७१ मध्ये निवर्तले. पण त्यांचे सहकारी थांबले नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोहोचले. 'साईट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही सहा राज्ये त्यात होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता, तरी या प्रयोगाचे व्यवस्थापन पाहणारे डॉ. एकनाथ चिटणीस हे आपल्या कोल्हापूरचे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीपासून बनविलेल्या मोठ्या छत्र्या खेडोपाडी उभ्या राहिल्या. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास सर्व गावासाठी, असा दिनक्रम होता.

या प्रयोगातील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. शाळांना सुटी असताना तोच उपग्रह आणि तेच संच प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यात आले. हजारो शिक्षकांनी पडद्यावरील पाठ, रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करावयाचे प्रयोग यांच्या साहाय्याने विज्ञान कसे शिकवावे याचे धडे घेतले. मुलांच्या परीक्षेतील गुणांत मोठा चमत्कार घडला नाही. मात्र त्यांची भाषा आणि जिज्ञासा वाढल्याचे पाहणीत दिसले. संपूर्ण प्रयोगाच्या यशस्वी अंगांत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा समावेश केला जातो. शिक्षकाला बाजूस सारून नव्हे, तर शिक्षकाच्या हाताला बळ देऊन यंत्र सार्थकी लागते, हे १९७६ मध्येच उमगले होते.

पुढे भारताचा स्वतःचा इन्सॅट उपग्रह आला आणि १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. ज्यांचे शालेय शिक्षण त्या काळात झाले, त्या वाचकांच्या कानांत तिची सुरावट अजून रुंजी घालत असेल. आम्ही तेव्हा हायस्कुलात होतो. आमच्या धाकट्या भावंडांच्या शाळेत लाकडी कपाटात एक संच होता. गुरुजी कुलूप काढत, मुले फरशीवर दाटीवाटीने बसत आणि पडद्यावर पुष्कळदा मुंग्याच दिसत. तरीही एक शिक्षिका कार्यक्रम संपताच संच बंद करून मुलांना विचारीत, "आता तुम्ही काय पाहिलेत ते मला सांगा." ती पंधरा मिनिटांची चर्चा धाकट्यांना आजही आठवते, त्या दिवशी पडद्यावर काय होते, ते मात्र त्यांना सांगता येत नाही. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती निर्माण करणारी, तीन दशकांहून अधिक काळ चाललेली ही संस्था आर्थिक ओढाताणीने संपावी, याची खंत आम्हांस वाटते.

संगणकाची वाटचालही १९८४ पासूनचीच. त्या वर्षी केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून प्रारंभी सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक दिले. शिक्षकांचे प्रशिक्षण अल्पकाळाचे होते आणि संगणकावरील पाठ मुख्यतः इंग्रजीत होते. त्यानंतरच्या दशकात संगणक-कक्ष ही शाळेची प्रतिष्ठा झाली. आम्ही नव्याने धर्मगुरू झालो तेव्हा एका शाळेतील असा कक्ष पाहिला होता. खिडक्यांना जाड पडदे, दारात चपलांची रांग, यंत्रांवर प्लास्टिकची आच्छादने आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. आठवड्यातून एकदा चार मुलांमागे एक संगणक मिळे. यंत्र बिघडू नये याची जेवढी चिंता होती, तेवढी मूल शिकावे याची नव्हती. पाहुणे आले की तो कक्ष दाखविला जाई. आम्हीही तेव्हा कौतुकाने मान डोलावली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर जगभर 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही मोहीम निघाली. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेतही २००७ मध्ये असे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची तुलनात्मक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना संगणक मिळाले होते, त्यांचा वापरही वाढला होता. परंतु गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीत फरक आढळला नाही. शिकविण्याची रीत पूर्वीचीच राहिली होती.

याउलट उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत, आणि ती जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतील आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा येथील शिक्षकांनी लोकवर्गणी जमवून आपली शाळा 'डिजिटल' केली आणि तिचे पाहून इतर अनेक गावांनी कंबर कसली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. गुरांच्या गोठ्याशेजारची पडकी शाळा त्यांच्या वाट्यास आली. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर ठिपक्यांची चौकोनी सांकेतिक खूण, म्हणजेच क्यूआर कोड, छापला. मोबाईल त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय मिळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना लाभला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. येथे यंत्र वरून लादले गेले नव्हते. आपल्या मुलांना काय अडते हे ओळखणाऱ्या शिक्षकाने ते शोधून आणले होते.

मग मार्च २०२० उजाडला. महामारीमुळे शाळांना कुलपे लागली आणि जे साधन आजवर पूरक होते तेच एकमेव ठरले. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे शासनाने म्हटले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. शिक्षकांनी रात्री जागून चित्रफिती केल्या. हे सारे श्रम वंदनीय होते. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात झालेल्या 'असर' पाहणीने निराळे चित्र दाखविले. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. तो २०२० मध्ये सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी पोहोचला. तरीही पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती.

आमच्या धर्मग्रामातील एक घर आम्ही त्या दिवसांत जवळून पाहिले. दोन बहिणी, एक भाऊ आणि फोन एकच. तोही वडील पहाटे भाजीच्या टेम्पोबरोबर घेऊन जात. ते परतत तोवर वर्ग संपलेला असे. संध्याकाळी फोन आला की आधी भावाचा अभ्यास, मग मोठीचा आणि चार्जिंग उरलेच तर धाकटीचा. काही आठवड्यांनी एक तरुण शिक्षिका मोटारसायकलवरून हाती लिहिलेल्या स्वाध्यायांचे कागद घेऊन घराघरांत जाऊ लागल्या. अंगणात अंतर ठेवून बसत, मागचे कागद तपासत, नवे देत. त्या धाकटीचे वाचन सुटले नाही, ते त्या कागदांमुळे आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पावलांमुळे. शाळा पुन्हा उघडल्यावर ती आम्हांला म्हणाली, "फादर, आता बाईंना मला मध्येच काही विचारता येतं." एका मुलीने आम्हांस दोनशे वर्षांच्या इतिहासाचे सार सांगून टाकले.

यंत्राला विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलाला संगणक पुस्तक वाचून दाखवितो. हृदयाच्या झडपा कशा उघडझाप करतात, हे फळ्यावरील आकृतीपेक्षा हलत्या चित्रातून चटकन कळते. डोंगरपाड्यावरच्या मुलीला जगातील उत्तम ग्रंथालय खुले होते. ही लहान कृपा नव्हे. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वर्गात यावे, हाच प्रश्न विचारला आणि शिक्षक-विद्यार्थी संवादाची जागा त्याने घेऊ नये, असे बजावले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता दाराशी उभी आहे आणि जुनी दोन्ही आश्वासने नव्या भाषेत पुन्हा ऐकू येत आहेत.

आपल्या समाजाच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांच्या नावाने ओळखल्या गेल्या. आज पालकसभांत नव्या काचपाटीसाठी वर्गणीचा विषय निघतो. वर्गणी अवश्य द्यावी. परंतु देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे साधन वापरण्यास आमच्या शिक्षकांना कोण आणि किती दिवस शिकविणार? ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलासाठी काय तरतूद आहे? आणि या खर्चापायी एखाद्या शिक्षकाचा पगार वा एखादी नेमणूक तर थांबत नाही ना? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर काचपाटी खुशाल भिंतीवर चढवावी. नसतील, तर ते पैसे प्रथम शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवावेत. मद्रासच्या वाळूत बोट फिरविणाऱ्या मुलांसमोरही शिकविणारे कोणीतरी बसलेच होते.