दक्षिण-दक्षिण सहकार्य आणि नागरी समाज

आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील विकसनशील देशांनी ज्ञान, अनुभव आणि साधने यांची परस्परांत केलेली देवाणघेवाण म्हणजे दक्षिण-दक्षिण सहकार्य होय. १९७८ मध्ये ब्यूनोस आयर्स येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने त्याचा कृती आराखडा स्वीकारला. हे सहकार्य प्रामुख्याने शासनांमध्ये होत असले, तरी लोकसंघटना व स्वयंसेवी संस्थांनीही त्यात स्वतंत्र वाट पाडली आहे. मुंबईतील झोपडपट्टीवासी व पदपथवासी यांचे कार्य हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

मुंबईतील पार्श्वभूमी

जॉकिन अर्पुथम यांनी १९७० च्या दशकात राष्ट्रीय पातळीवर झोपडपट्टीवासीयांचा महासंघ उभारला. १९८४ मध्ये 'स्पार्क' ही संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मात्र पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. त्याच वर्षी स्पार्कने पदपथवासीयांची गणना करून या कुटुंबांचे अस्तित्व कागदोपत्री मांडले. पुढे भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांमधून 'महिला मिलन' ही बचत करणारी संघटना आकारास आली.

अनुभवांची देवाणघेवाण

१९९१ पासून मुंबई व दक्षिण आफ्रिका येथील वस्त्यांमध्ये परस्पर भेटी सुरू झाल्या. या भेटींत शिकविणारे आणि शिकणारे दोघेही वस्तीतील रहिवासी असत. दररोजची बचत, रहिवाशांनीच केलेली वस्तीची गणना व नकाशे, तसेच घराच्या पूर्णाकृती प्रतिकृतींचे प्रदर्शन या पद्धती अशा रीतीने प्रसृत झाल्या. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बेघरांचा महासंघ स्थापन झाला, तर १९९६ मध्ये विविध देशांतील महासंघांनी मिळून 'स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल' हे जाळे उभे केले. अर्पुथम यांना २००० मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

महत्त्व व मर्यादा

पद्धत एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते. उपाय मात्र तेथील जमिनीची उपलब्धता, कायदे आणि शासकीय धोरण यांवर ठरतो. दक्षिण आफ्रिकेतील महासंघाने बचतीची सांगड शासकीय घरकुल अनुदानाशी घातली. मुंबईत जागेची टंचाई हाच मुख्य अडसर राहिला. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००१ मधील निबंधात मुंबईतील या प्रयोगाला 'सखोल लोकशाही' म्हटले. शासनाशी वाटाघाटींवर भर दिल्याने संघर्षाची धार बोथट होते, असा आक्षेपही घेतला जातो. तथापि, स्वतः केलेली गणना हाती असल्यास वस्ती हटविण्याच्या प्रसंगी रहिवाशांना पुनर्वसनाची मागणी पुराव्यानिशी मांडता येते. त्यामुळे देशोदेशींच्या महासंघांच्या कामात गणनेला मध्यवर्ती स्थान आहे.