लाट कॅमेऱ्यात कशी आली

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद, त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. इमारती, बंदर, देवळं, माणसं असं बरंच काही त्या काळी काचेवर उतरलं. लाट मात्र उतरली नाही. ओल्या कोलोडियनची काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात लाट येऊन फुटून परत जायची आणि फोटोत समुद्र चादरीसारखा सपाट दिसायचा. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रेने १८५७च्या सुमारास सेतच्या किनाऱ्यावर फुटती लाट पकडली आणि त्याचं मोठं नाव झालं. त्यातलं आकाश मात्र त्याने दुसऱ्या काचेवरून आणून जोडलं होतं.

मी मुदखेडचा. आमचा फोटो स्टुडिओ वडिलांपासूनचा. गाव फुलशेतीचं आणि रेल्वे जंक्शनचं, समुद्र सहाशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी स्टुडिओत समुद्र होता, पडद्यावर रंगवलेला: निळा पट्टा, पांढऱ्या तुऱ्यांच्या लाटा, शिडाचं एक होडकं. नवं जोडपं आलं की वडील त्याच पडद्यापुढे उभं करत. गावातल्या कित्येक बायाबापड्यांनी जन्मात पाहिलेला समुद्र तेवढाच. तेव्हा मुंबई गाठायची तर मीटर गेजने मनमाड आणि तिथून दुसरी गाडी. रूळ रुंद झाले आणि नंदीग्राम, देवगिरी एक्सप्रेसने थेट जाता येऊ लागलं. मी पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला भिंतीवर उसळणाऱ्या लाटेचे फोटो काढायला जाऊ लागलो तो तेव्हापासून.

हलती लाट मुंबईकरांनी पडद्यावर पाहिली ती ७ जुलै १८९६ला, वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटात. ल्युमिए बंधूंच्या त्या खेळातली आगगाडी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच खेळात समुद्रस्नानाचंही एक चित्र होतं, हे फार कमी जण सांगतात. भर जुलै, जवळच अरबी समुद्र खवळलेला, आणि आत माणसं फ्रान्सची लाट बघत बसलेली! मला त्या दिवसातली ही गोष्ट आगगाडीपेक्षा मोठी वाटते.

पडद्यावरच्या त्या लाटेआधी मुंबईत भरती मोजली गेली. अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये एक यंत्र तयार झालं. त्याची चाकं फिरवून वर्षभराच्या भरत्यांचं कोष्टक आधीच मांडता येई.

किनाऱ्यावरच्या माणसांचं गणित याहून कितीतरी जुनं: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. मिनिटांचा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय बघून मी मुदखेडात बसल्या बसल्या दिवस ठरवतो. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं आणि त्यापुढच्या एकदोन दिवसांचं. मुंबईत ते भरदुपारी येतं आणि पावसाळ्यात दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा चढी असते. फोटोवाल्याला याहून काय हवं?

पण मरीन ड्राइव्हची ती उसळती लाट एकट्या समुद्राची नव्हे. बॅकबेचा भराव होण्यापूर्वी तिथे उतरता किनारा होता; लाट त्यावर पसरून विरत असे. भरावाने सरळ भिंत दिली आणि पाण्याला वर उडण्यावाचून वाट राहिली नाही. भिंतीला धक्के बसतात म्हणून पुढे टेट्रापॉड टाकले. हा चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा १९५०च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाला. त्यांच्या फटींतून पाणी शिरतं आणि लाटेचा जोर मोडतो. २०२२ मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी काही टेट्रापॉड हलवले, तर भरतीच्या वेळी समोरच्या इमारतींतल्या रहिवाशांना हादरे जाणवू लागले.

शटर हजारांश सेकंदावर ठेवलं की तुषाराचा थेंब न् थेंब सुटा दिसतो. नैर्ऋत्येचा वारा खारं पाणी सरळ भिंगावर आणतो, म्हणून कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि खिशात सुती फडकी. पहिल्या मोठ्या लाटेला बटण दाबायचं नाही. मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, मागचीसाठी थांबायचं. रोलच्या काळात छत्तीस फोटोंतच सगळं बसवायचं असल्याने हा धीर अंगी बाणला.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यात भरतीची वेळ आली; पाण्याला समुद्रात जायला वाट राहिली नाही. तेव्हापासून साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा मुंबईत घरोघरी वाचल्या जातात. आपल्या मराठवाड्यातून पावसाळ्यात मुंबईला जाणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती यादी आधी बघा, फोटो रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून काढा, आणि टेट्रापॉडवर पाय ठेवू नका. शेवाळाने ते निसरडे असतात आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत गेलेला माणूस वरून दिसत नाही.