संगणकाला तारीख लक्षात ठेवायला सांगितली तेव्हा

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘कॅलेंडर’ नावाची एक छोटीशी आज्ञा होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यात आज जो रिमाइंडर उमटतो, त्याचं कूळ शोधत मागे गेलं की मी या आज्ञेपाशी येऊन थांबतो. वापरणाऱ्याने ‘कॅलेंडर’ याच नावाची साध्या मजकुराची एक फाइल ठेवायची आणि तिच्यात हवं ते लिहायचं. अट एकच, ओळीत कुठेतरी तारीख हवी. आज्ञा दिली की आजच्या आणि उद्याच्या तारखेच्या ओळी तेवढ्या समोर येत. शनिवार-रविवार आला की ‘उद्या’ सोमवारपर्यंत लांबे. शिवाय रात्री सगळे झोपलेले असताना यंत्र आपणहून प्रत्येकाची फाइल चाळून ज्याची त्याला आठवण मेलने धाडत असे.

तारीख मात्र अमेरिकी रीतीने लिहावी लागे. आधी महिना, मग दिवस. ‘७ डिसेंबर’ असं लिहिलं तर आज्ञेला कळत नसे, आणि हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट नोंदवलेलं होतं. त्याच पानावर दोन उणिवाही लिहून ठेवल्या होत्या. आठवण हवी असेल तर तुमची फाइल सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी लागते, ही पहिली. लांबलेला ‘उद्या’ सणासुदीच्या सुट्ट्या ओळखत नाही, ही दुसरी. मला या दोन ओळी फार मोलाच्या वाटतात. आपली रोजनिशी कोणाच्या नजरेखालून जाते आणि यंत्राला कोणाचे सण ठाऊक आहेत, हे दोन प्रश्न आजही कॅलेंडर निवडणाऱ्यापुढे तसेच उभे आहेत.

घरगुती संगणकावर ही सोय वेगळ्या वाटेने आली. एमएस-डॉसवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. पत्र टाइप करताना तारीख बघायची तर पत्र बंद करावं लागे. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीने ‘साइडकिक’ आणलं. ते मेमरीत दबा धरून बसे आणि दोन कळा एकत्र दाबल्या की चालू कामाच्या वर येई. वही, गणकयंत्र, पत्ते आणि तारखांची डायरी, सगळं त्यात होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये गजर असलेलं कॅलेंडर होतं, पण ते उघडं असेल तरच गजर वाजे. नंतर ते गेलं. विंडोज व्हिस्टात नवं आलं, विंडोज ७ मध्ये तेही काढून टाकलं. विंडोज १०च्या मेल-कॅलेंडर जोडीचा आधार ३१ डिसेंबर २०२४ला संपला. एकाच घराण्यात एवढी उलथापालथ झालेली पाहिली की कॅलेंडरचं देखणेपण बघण्याआधी त्यातल्या नोंदी बाहेर काढता येतात का, हे मी आधी पाहतो.

नोंदी बाहेर काढता येतात, याचं श्रेय एका कराराला आहे. १९९६ मध्ये ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या गटाने ‘व्हीकॅलेंडर’ हा सामाईक नमुना ठरवला. त्यावर लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे मानक लिहिलं. बाजारात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन कंपन्यांची माणसं एका दस्तऐवजावर एकत्र आली, म्हणून आज थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममधली नोंद ॲपलच्या किंवा गूगलच्या कॅलेंडरात उतरते. ती ‘.आयसीएस’ फाइल साध्या मजकुराचीच असते. नोटपॅडमध्ये उघडली तर कार्यक्रम कधी सुरू होतो, कधी संपतो आणि गजर किती मिनिटं आधी, हे डोळ्यांनी वाचता येतं. सातव्या युनिक्सचं रक्त इथे दिसतं.

या मानकाचा खरा कस लागतो तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींत. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असं सांगितलं तर नियमानुसार वर्षातले सातच महिने मोजले जातात, बाकीचे पाच गाळले जातात. २९ फेब्रुवारीचा वाढदिवस चार वर्षांनी येतो. भाडं, हप्ता, विम्याची रक्कम अशा नोंदी ३१ तारखेला लावणाऱ्याने ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हा पर्याय मिळतो का, हे आधी बघून घ्यावं.

आणि तिथीचं काय? ज्यू समाजात आप्तांचा मृत्युदिन हिब्रू पंचांगाप्रमाणे पाळतात. एडवर्ड राइनगोल्ड या संगणकशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘ईमॅक्स’ या संपादकासाठी कॅलेंडर लिहायला घेतलं. त्यातल्या रोजनिशीत अशा मृत्युदिनासाठी खास सोय आहे. मृत्यूची इंग्रजी तारीख एकदा लिहिली की दर वर्षीचा हिब्रू दिवस यंत्र काढतं. आपल्या घरातल्या श्राद्धाची गरज नेमकी हीच आहे. राइनगोल्ड आणि नाखुम डर्शोविट्झ यांनी १९९७च्या ‘कॅलेंड्रिकल कॅल्क्युलेशन्स’ या पुस्तकात सूर्यसिद्धान्तावर आधारलेल्या हिंदू पंचांगाचं गणितही चालू प्रोग्रॅमच्या रूपात दिलं. म्हणजे गणित अडलेलं नव्हतं.

अडलं ते मानकात. २०१५ साली आयकॅलेंडरला एक जोड मिळाली. आता हिब्रू, चिनी, इथिओपियन अशा कालगणनांत नोंद पुन्हा लावता येते, जादा महिना दाखवता येतो, आणि नसलेला दिवस आला तर नोंद मागे न्यायची, पुढे न्यायची की गाळायची, हेही सांगता येतं. कालगणनांची नावं युनिकोड या अक्षरमानकाच्या यादीतून घेतलेली आहेत. त्या यादीतलं भारतीय कॅलेंडर म्हणजे १९५७ मध्ये स्वीकारलेलं राष्ट्रीय शक कॅलेंडर. ते सौर आहे, त्यात तिथी नाही.

तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राचं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा काळ. हा काळ साधारण १९ ते २६ तासांचा असतो. दिवसाला तिथी मिळते ती सूर्योदयाची. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर एखादी एकही नाही. संकष्टीला मात्र चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळी असावी लागते आणि श्राद्धाला तिथी अपराह्णकाळी पाहतात. चंद्रोदय गावागणिक बदलतो, म्हणून पुण्यातल्या आजीची आणि न्यू जर्सीतल्या नातवाची संकष्टी कधी कधी वेगवेगळ्या तारखांना पडते. न्यू जर्सीच्या घरात भारतातून आयात केलेली ‘.आयसीएस’ पंचांगफाइल लावली तर उपास एक दिवस चुकू शकतो. घेताना ती कोणत्या गावासाठी काढली आहे, हे विचारायलाच हवं. तशी फाइल न मिळाल्यास नवं वर्ष लागताना त्या गावचं पंचांग समोर घेऊन बारा महिन्यांच्या संकष्ट्या आणि घरातली श्राद्धं हाताने भरणं, हाच आजचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

जादा महिना आणि गळलेला दिवस या दोन्ही गोष्टींची तजवीज त्या नव्या नियमात झालेली आहे. तिथी तिथे बसवायची तर नियमात आणखी दोन रकाने लागतील: दिवसाचा कोणता प्रहर पाहायचा आणि तो कोणत्या गावचा.